आधी कान, मग हात, मग पाटी

"बाई, आमच्याला अजून 'क ख ग' येत नाही हो! शेजारचा त्याच्याच वयाचा, पण सगळी बाराखडी घडाघडा म्हणतो. काहीतरी करा!"

दारव्ह्याच्या एका बालवाडीत सकाळी तीन तास शिकवण्याचे काम मी गेली आठ वर्षे करते आहे. दर वर्षी शाळा उघडली, की पहिल्या पंधरवड्यात हे वाक्य दहा जणींकडून तरी ऐकायला मिळते. सांगणारी आई कधी काळजीत असते, कधी चिडलेली असते, आणि पुष्कळदा तिची मुलाच्या दंडावरची पकड जरा जास्तच घट्ट असते.

मी त्यांना धीर देते. "येईल हो, घाई कशाला?" असे म्हणते. पण मैत्रिणींनो, आज तुम्हाला खरे सांगते. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत एवढी शहाणी असलेली मी, स्वतःच्या मुलाच्या बाबतीत अगदी वेड्यासारखी वागले होते. त्या चुकीने मला जे शिकवले, ते कॉलेजातल्या पुस्तकांनी शिकवले नव्हते.

कोठीत सापडलेली पाटी

आमचा धाकटा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. थोरलीला अक्षरे कधी आणि कशी आली, ते मला कळलेसुद्धा नव्हते. हा मात्र पाटी पाहिली की तोंड फिरवी. त्यात मी पडले बाई! बाईच्याच मुलाला अक्षर येत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? झाले! रोज दुपारी जेवणे आटोपली, की खरकटी भांडी तशीच ठेवून मी त्याला घेऊन बसू लागले. भिंतीवर तक्ता, माझ्या हातात पट्टी, आणि 'अ अननसाचा' पासून 'ज्ञ ज्ञानेश्वरांचा' पर्यंत रोजची एक फेरी.

सगळ्यात मोठे भांडण होई ते 'ळ' पाशी. मी म्हणे, "म्हण, ळ बाळाचा." तो म्हणे, "बायाचा." मी म्हणे, "बाय नाही रे, बाळ! ळ!" तो माझ्या तोंडाकडे बघत पुन्हा म्हणे, "बाय." एक दिवस माझा तोल गेला, आणि हातातली पट्टी त्याच्या बोटांवर बसली.

दुसऱ्या दिवशी पाटी नाहीशी झाली. सगळे घर पालथे घातले, पण मिळाली नाही. आठ दिवसांनी सासूबाई दळणासाठी कोठीतून ज्वारी काढू लागल्या, तर पायलीबरोबर पाटीच वर आली! एवढ्याशा पोराने ती हात पोचेल तितकी खोल खुपसून ठेवली होती. सगळे हसले. मीही हसले.

पण त्याच आठवड्यात एके दिवशी मी शाळेतून जरा लवकर परतले. दारात चपला काढत होते, तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला, "आजी, आई शायेतच हाये ना अजून? मंग मी खेयतो."

माझे पाऊल उंबऱ्याबाहेरच थांबले. आपले लेकरू आपण घरात नाही म्हणून खूश आहे, हे ऐकणे काय असते, ते आईलाच कळेल.

त्या रात्री सासूबाई मला एवढेच म्हणाल्या, "तो काई खोटं बोलून रायला का व? आपल्या घरात समदे 'बाय'च म्हंतेत. लेकरू जे आयकते, तेच बोलते."

खरेच होते. आपल्या वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, केळ्याचे केये, शाळेची शाया. 'ण' चा 'न' होतो, पाण्याचे पानी होते. मीही लहानपणी अमरावतीला 'शाया'च म्हणत होते. बी. ए. होता होता मी माझी जीभ घासूनपुसून लख्ख केली, आणि पोराच्या बोटांवर पट्टी मारली ती त्याच बोलीसाठी! आणि ही बोली काय कमी प्रतीची आहे? मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून ज्याला आपण मान देतो, ते 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरलाच तर सिद्ध झाले.

'यवतमाय आली!'

मी तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला. महिनाभर अक्षराचे नाव काढले नाही.

मग दिवाळीच्या आधी एकदा आम्ही दोघे यवतमाळला जायला स्टँडवर उभे होतो. तीन-चार गाड्या लागल्या होत्या. एकदम माझा पदर ओढून तो म्हणाला, "आई, ते पाय, यवतमाय आली!"

मी विचारले, "तुला रे कसे कळले?"

तो पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "मांगं ते दोन गोल हायेत ना, ते फक्त यवतमायलेच रायतेत."

ते दोन गोल म्हणजे 'ळ'! ज्या अक्षरापायी मी त्याला मारले, ते अक्षर त्याने आपल्या डोळ्यांनी केव्हाच ओळखले होते. मी मात्र डोळ्याची परीक्षा म्हणून त्याच्या जिभेची परीक्षा घेत बसले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरी नवा अभ्यास सुरू झाला. तोच पुढे मी वर्गातही आणला. तुमच्या घरी तीन ते सहा वर्षांचे मूल असेल, तर तुम्हालाही तो करता येईल. त्याला पैसा लागत नाही, वेळ रोजची दहा मिनिटे पुरते. फक्त क्रम सांभाळावा लागतो, आधी कान, मग हात, आणि मग पाटी.

कान तयार करा

मुलाला 'म' हे अक्षर दाखवण्यापूर्वी 'म' हा आवाज वेगळा ऐकू आला पाहिजे. मोठ्यांना हे सोपे वाटते, पण मुलाच्या दृष्टीने 'मका' हा एक अखंड शब्द असतो. त्यात 'म' लपला आहे, हे त्याला कुणीतरी दाखवावे लागते.

यासाठी पाटी नको, पुस्तक नको. भाजी निवडताना, भाकरी थापताना बोलत राहावे. "मी 'म' वरून एक वस्तू शोधते, मिरची! आता तू सांग." मूल म्हणेल "मीठ", "मांजर", "मामा". एक आवाज दोन-तीन दिवस पुरवावा. मग शेवटचा आवाज शोधायचा खेळ घ्यावा. 'कान' च्या शेवटी काय? 'नाक' च्या शेवटी काय? हा खेळ जरा अवघड आहे, पण तो जमला की निम्मे काम झाले असे समजा.

तक्त्यातल्या शब्दांना मात्र चिकटून राहू नका. आमच्या तक्त्यात 'ई ईडलिंबाची' होती आणि 'ऐ ऐरणीचा' होता. आमच्या धाकट्याने ना ईडलिंबू पाहिले होते, ना ऐरण. ज्या वस्तूचे नावच मुलाला ठाऊक नाही, त्या नावातला पहिला आवाज ते काय ओळखणार? आपल्या जिल्ह्यात 'क कापसाचा' करा, 'त तुरीचा' करा, 'स संत्र्याचा' आणि 'ब बंडीचा' करा.

इथे माझ्या वर्गातली एक आठवण सांगते. तांड्यावरून एक मुलगी येई. घरी त्यांची गोरमाटी भाषा. दोन महिने ती तोंडातून अक्षर काढीना. 'आ आईचा' म्हटले की नुसती बघत राही. एक दिवस मी फळ्यावर 'य' काढला आणि म्हटले, "य याडीचा." गोरमाटीत आईला याडी म्हणतात. ती पोरगी जी खुदकन हसली, ती उठून फळ्यापाशीच आली! तेव्हापासून आमच्या वर्गात 'आ आईचा' आहे, 'म मायचा' आहे आणि 'य याडीचा' ही आहे. आपल्या जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबर गोरमाटी, कोलामी, गोंडी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. मुलाच्या घरचा शब्द घेतला, की अक्षर त्याला ओळखीचे वाटते.

आणि घरची बोली आणि पुस्तकातली भाषा यांचे काय करायचे? आम्ही त्याचाही खेळ केला. 'आजीचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द.' मी म्हणे "डोया", तो म्हणे "पुस्तकात डोळा." मी म्हणे "पानी", तो म्हणे "पुस्तकात पाणी." एकदा मी मुद्दाम "गाय" म्हटले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "गाय पुस्तकातबी गायच!" चूक-बरोबर असा शब्दच काढायचा नाही. दोन कपडे असतात ना, एक घरातला आणि एक बाहेर जायचा, तसेच हे. 'ळ' त्याच्या तोंडून नीट निघायला सहा महिने लागले. लागू दिले.

हात तयार करा

आपल्याकडे पूर्वी पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षर काढायला शिकवीत. 'धुळाक्षरे गिरवणे' हा शब्द तिथलाच. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले, तिथेही खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांना त्यांवरून बोट फिरवायला दिली होती. दोन्हीकडे तत्त्व एकच. लहान मूल नुसते पाहून जितके लक्षात ठेवते, त्याहून कितीतरी जास्त ते हात फिरवून लक्षात ठेवते.

माँटेसरीबाईंची साधने महाग, ती आपल्याला कशी परवडणार, असे वाटेल. हाच प्रश्न ताराबाई मोडक यांनाही पडला होता. लग्नानंतर काही वर्षे त्या आपल्या अमरावतीतच राहिल्या. पुढे १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कामात त्या सामील झाल्या, आणि १९४५ साली अनुताई वाघ यांना सोबत घेऊन त्यांनी बोर्डी येथे खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असे त्यांनी केले. शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची साधने. 'अंगणवाडी' हे नाव त्याच कामातून आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही पुढे हेच नाव मिळाले.

तेव्हा आपणही घरातच बघू या काय काय मिळते.

पिठाचे ताट: मोठ्या ताटात ज्वारीचे पीठ पातळ पसरा. तुम्ही बोटाने अक्षर काढा, त्यावरून मुलाने बोट फिरवायचे. ताट हलवले की अक्षर पुसले जाते, म्हणून चुकण्याची भीती राहत नाही.

रव्याची अक्षरे: जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे घ्या. मैद्याच्या खळीने तळहाताएवढे अक्षर काढा, त्यावर जाड रवा किंवा चाळलेली वाळू भुरभुरवा, वाळवा आणि झटका. बोट कुठून सुरू करायचे, तिथे लाल ठिपका द्या. डब्यात घट्ट झाकून ठेवली, तर ही अक्षरे बरेच दिवस टिकतात. रव्याला मुंग्या लागतात, म्हणून आमच्याकडे आता वाळूचीच असतात.

कणकेची अक्षरे: पोळ्या करताना लहानसा गोळा मुलाला द्या. त्याची लांब वळी करून 'ग', 'र', 'ळ' बनवू द्या. शंकरपाळ्यांच्या दिवशी हीच अक्षरे तुम्ही तळून दिलीत, तर त्यासारखी मौज नाही! स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर खायला कोणत्या मुलाला आवडणार नाही?

कापसाच्या वाती: काळ्या पाटीवर लांब वाती मांडून अक्षर करावे. पांढरे अक्षर काळ्यावर छान उठून दिसते.

चिंचोके, सरकी, तुरीचे दाणे मांडूनही अक्षरे होतात, पण त्या वेळी आपण समोर बसलेच पाहिजे. मुले दाणा नाकात किंवा कानात घालतात. घरात तीन वर्षांच्या आतले भावंड असेल, तर हा खेळ नकोच.

पेन्सिलीची घाई करू नका. आधी बोटांत जोर येऊ द्या. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, कपड्यांना चिमटे लावणे ही सगळी लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे. मूल डावखुरे असेल, तर बळेबळे पेन्सिल उजव्या हातात देऊ नका.

मग पाटी

आता अक्षरे कोणत्या क्रमाने घ्यायची? आपली वर्णमाला फार शास्त्रशुद्ध आहे. 'क' चा वर्ग कंठातला, 'प' चा ओठांतला, अशी ती उच्चाराप्रमाणे लावलेली आहे. जुने गुरुजी 'ग म भ न' ने सुरुवात करीत, ती वळणाच्या सोयीने. एकाच्या वळणातून दुसरे अक्षर निघते, हाताला सोपे जाते. पण नुसत्या ओळखीसाठी हे दोन्ही क्रम अडचणीचे होतात. 'म' आणि 'भ' एकाच दिवशी दाखवले, की मूल हमखास गोंधळते. तीच गत 'घ' आणि 'ध' ची, 'ब' आणि 'व' ची, 'प' आणि 'ष' ची, 'थ' आणि 'य' ची. सारखी दिसणारी दोन अक्षरे जवळजवळ घेऊ नयेत. एक पक्के झाले, की दोन-तीन आठवड्यांनी त्याचे जुळे भावंड आणावे.

'ङ' आणि 'ञ' यांची तर सुरुवातीला गरजच नाही. 'ण' आणि 'ळ' यांनी मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणून तेही मागून आले तरी चालतील. आमच्याकडे मात्र 'ळ' चा मान यवतमाळच्या गाडीमुळे पहिला लागला!

पहिला शब्द घ्यावा मुलाच्या स्वतःच्या नावाचा. ते नाव त्याच्या डब्यावर, खुंटीवर, पाटीच्या चौकटीवर लिहून ठेवा. मग क, म, न ही तीन अक्षरे आणि त्यांच्यासोबत लगेच काना घ्या. एवढ्यावर किती शब्द होतात बघा: कान, नाक, मान, काम, मका, काका, मामा, नाना, कमान. तीन अक्षरे आणि एक काना, पण मूल खरे शब्द वाचू लागते! पुढे र आणि ल घातले, की राम, रान, कार, लाल, माल, काल, नाला. सगळी मुळाक्षरे संपल्यावर मग बाराखडी, असे थांबण्याची गरज नाही. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. मुलांना मराठी वाचायला शिकवताना त्यांनीही अक्षरांचे छोटे गट आणि त्यांबरोबरच काना-मात्रा, अशीच वाट धरली. मुलाला पहिल्यापासून अर्थ हाती लागला, की त्याचा उत्साह टिकतो.

पहिली वेलांटी शिकवताना जरा सांभाळून. 'कि' लिहिताना वेलांटी 'क' च्या आधी दिसते, पण तिचा आवाज येतो मागून. डावीकडून वाचणारे मूल इथे अडखळले, तर ते मठ्ठ नव्हे, उलट ते नीट बघते आहे असे समजा. काना पक्का झाल्यावर दुसरी वेलांटी घ्यावी, आणि पहिली त्यानंतर.

तीन पायऱ्या

एक साधी युक्ती सांगते. ही माँटेसरी पद्धतीतली आहे, आणि माझ्या वर्गात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

पहिली पायरी, आपण सांगायचे: "हा म. हा क." दुसरी पायरी, आपण मागायचे: "मला म दे. क कुठे आहे?" तिसरी पायरी, आपण विचारायचे: "हे कोणते अक्षर?"

आपण आया काय करतो? एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. दिसले अक्षर की "हे काय? सांग ना, काल तर सांगितले होते!" मूल गप्प बसले की आपण चिडतो. खरे तर दुसऱ्या पायरीवर पुष्कळ दिवस रेंगाळायला हवे. म वर उडी मार, क वर वाटी ठेव, न आजीला नेऊन दे. तिसऱ्या पायरीवर मूल चुकले, तर "चुकलास" न म्हणता गुपचूप एक पायरी खाली यावे.

अक्षर खरेच ओळखले की नाही, हे ओळीने म्हणवून कळत नाही. ती पोपटपंची असू शकते. चिठ्ठ्या उलटसुलट पसराव्यात. वर्तमानपत्राच्या मथळ्यातले सगळे 'म' पेन्सिलीने गोल करायला सांगावे. दुकानांच्या पाट्या, एस. टी.च्या पाट्या दाखवाव्यात. 'ल' आणि 'श' ही अक्षरे छापण्यात दोन-दोन तऱ्हांची दिसतात, एक आपल्या मराठी पुस्तकातली आणि एक हिंदी वळणाची. मोबाइलवर पुष्कळदा दुसरीच असते. तेव्हा "हे दोन्ही ल च बरं का" असे सांगून ठेवावे. मोबाइलवरच्या अक्षरगाण्यांनी आवाज कानावर पडतात, तेवढा त्यांचा उपयोग. पण गुळगुळीत काचेवर बोट फिरवून पिठाच्या ताटाचे काम होत नाही.

मूल इंग्रजी माध्यमात जाणार असेल, तरी मराठी अक्षरे सोडू नका. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांतून मराठी सक्तीची झाली आहे. शिवाय आपले अक्षर सरळ आहे. 'म' चे नावही म आणि आवाजही म. इंग्रजीत अक्षराचे नाव 'डब्ल्यू' आणि आवाज भलताच! म्हणून एका भाषेची अक्षरे थोडी पक्की होऊ द्या, मग दुसरीची घ्या. दोन्ही तक्ते एकाच दिवशी भिंतीवर लागले, की मुलाची आणि आईची दोघींचीही त्रेधा उडते.

काळजी केव्हा करावी?

चार-पाच वर्षांच्या मुलाने अक्षर उलटे काढले, एकासाठी दुसरे सांगितले, आज आलेले उद्या विसरले, तर घाबरू नका. या वयात ते चालायचेच. मात्र मूल टीव्हीच्या फार जवळ जाऊन बसते, डोळे बारीक करून बघते, हाक मारली तर ओ देत नाही, किंवा त्याचा कान वारंवार फुटतो, असे असेल तर आधी डोळे आणि कान डॉक्टरांकडून तपासून घ्या. ज्याला 'प' आणि 'ब' वेगळे ऐकूच येत नाहीत, त्याला पट्टी मारून ते कसे येतील?

पहिली-दुसरी नीट होऊनही, सगळ्यांनी प्रयत्न करूनही अक्षरे डोक्यात ठरत नसतील, तर काही मुलांना वाचनाची विशेष अडचण असते. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे ती घरोघरी माहीत झाली. अशा वेळी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुलाला आळशी ठरवू नये.

आणि वेळ सांभाळा. मूल भुकेले असताना, झोपेला आलेले असताना, किंवा पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव बरं" असे करून अक्षरे घेऊ नका. दहा मिनिटे झाली, की त्याला हवे असले तरी डबा बंद करा. उद्या ते स्वतःच डबा काढून आणेल.

आमचा धाकटा आता दुसरीत आहे. परवा सासूबाईंना घेऊन आम्ही पुन्हा यवतमाळला निघालो होतो. सासूबाईंना वाचता येत नाही. स्टँडवर गाडी लागली, तशी त्याने पाटी मोठ्याने वाचली, "य-व-त-मा-ळ." अगदी स्वच्छ 'ळ'! माझ्याकडे बघून घेतले, आणि मग आजीचा हात धरून तिला म्हणाला, "चाल आजी, यवतमाय आली."

मी काही दुरुस्त केले नाही. पिशवी उचलली आणि दोघांच्या मागोमाग गाडीत चढले.